शालनला दाखवल्याशिवाय

“आबा, हात काढा! तो कागद आधी मला दाखवा.”

माझ्या लेकीचा, शालनचा आवाज दारातूनच आला. मी पिंपात कोपरापर्यंत हात घालून रद्दी दाबत होतो. दुसऱ्या हातात एक कागद होता, जाड, एका बाजूनं गुळगुळीत. तिनं डोक्यावरची कळशी तशीच धरून माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि वाचला.

“काय हाय?”

“साबणाची जाहिरात. टाका.”

“मग येवढं वरडायला काय झालं?”

“मागच्या खेपेला पण तुम्हाला जाहिरातच वाटली होती.”

खाटेवरून माझी बायको सोजर हसली. हसली म्हणजे तिच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवी बाजू वर्षापूर्वी वारं जाऊन लुळी पडली होती, वाचाही गेली होती. पण कान शाबूत होते, डोळे शाबूत होते आणि माझी फजिती झाली की तिला कळायचं.

मागच्या खेपेची गोष्ट अशी. आमच्या शेजारी रंगनाथ तेली राहायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी त्याच्या घराला कुलूप होतं, म्हणून छापखान्याचा माणूस गठ्ठा आमच्या ओट्यावर ठेवून गेला. त्याच छापखान्यातून मी आठवड्याला कातरण आणायचो. मला वाटलं, माणूस भला आहे, घरपोच रद्दी दिली. दीडशे पत्रिका मी पिंपात घातल्या. रंगनाथ संध्याकाळी मागायला आला तेव्हा गणपतीचं एक लाल चित्र तेवढं पाण्यावर तरंगत होतं.

पुढं महिनाभर गल्लीत कुणी मला सुखानं जाऊ दिलं नाही. “लिंबाजी, आमच्याकडं बी बारसं हाय, पत्रिका भिजवायला कधी येतो?” लग्नाच्या पंगतीत रंगनाथनंच मला वाढताना म्हटलं, “जेव पोटभर. तूच खरा यजमान, निम्म्या गावाचं आवतन तू तुझ्या बंबात घातलं.”

तेव्हापासून घरात नियम झाला. शालनला दाखवल्याशिवाय एकही कागद पिंपात जायचा नाही.

मी तीस वर्षं वैराग रस्त्याच्या वीटभट्टीवर विटा थापल्या. विटांची गाडी अंगावर कलंडली आणि कंबर गेली. भट्टीनं मला घरी बसवलं. घरी बसून माणूस काय करणार? सरपण महाग, रॉकेल रांगेत उभं राहूनही मिळेना, आणि सोजरला रोज गरम पाण्यानं पुसून काढावं लागे. कुणाकडून तरी ऐकलं की कागदाच्या विटा जळतात. मला वीट म्हटली की बाकी काही सांगावं लागत नाही. रद्दी तीन दिवस भिजवायची, मुसळानं कुटून लगदा करायचा, त्यात वखारीतला भुसा मिसळायचा. जुन्या फळ्यांचा साचा मी केला, तळाला भोकं पाडली. लगदा भरून वर जात्याची तळी ठेवली की पाणी निथळून जायचं. मग पत्र्यावर उन्हात आठ-दहा दिवस. एका विटेवर बंबभर पाणी तापायचं.

अक्षर मला येत नव्हतं, पण कागद मी बोटांनी ओळखायचो. वर्तमानपत्र लगेच विरघळतं. वहीचा कागद चिवट, त्याची वीट फुटत नाही. चकचकीत कागद पाणीच पीत नाही. भुरा जाड कागद सगळ्यात चांगला, पण त्याला धीर लागतो.

आणि विटा रचायची माझी भट्टीतली सवय होती. ज्या दिवशी थापल्या त्या दिवसाची रांग वेगळी.

त्या वर्षी शालन दहावी पास झाली. आमच्या दोघांच्याही घराण्यात एवढं शिकलेलं कुणी नव्हतं. सोजरला बघायला दवाखान्यातल्या नर्सबाई यायच्या. त्यांनी शालनला आईची कूस बदलताना, पाठीच्या जखमा धुताना पाहिलं होतं. एकदा त्या म्हणाल्या, “लिंबाजीराव, हिचा हात हलका आहे. हे शिकवून येत नाही. हिला सोलापूरला नर्सिंगला घाला. राहायला मिळतं, जेवायला मिळतं, दीड वर्षात स्वतःच्या पायावर उभी राहील.”

शालननं अर्ज भरला. त्या दिवसापासून पोरीचं पाऊल जमिनीवर पडेना. खाटेजवळ बसून आईला सांगायची, “आई, पांढरी साडी असते. डोक्याला टोपी. तू वळखणार बी न्हाईस मला.” सोजर डावा हात उचलून तिच्या केसांवरून फिरवायची.

मी एकदा म्हणालो, “तू गेल्यावर हिचं कोण करणार?”

“कळंबची मावशी येऊन राहते म्हणालीय. तिला यायला दिवाळी होईल. तोवर चार महिने तुम्ही.”

“मी?”

“मी शिकवते. अवघड काही न्हाई. हे बघा, हात असा खांद्याखाली घालायचा...”

“बायामाणसाचं धुणंपुसणं बाप्यानं करायचं? लोक काय म्हणतील?”

“लोकांना कशाला दिसतंय? आणि आई तुमचीच बायको हाय का न्हाई?”

मी उठून बाहेर गेलो. माझ्या कमरेचं कारण होतं, लाजेचं कारण होतं, आणि खरं सांगायचं तर भीती होती. सोजरचं ते लुळं अंग दिसलं की मी तोंड फिरवायचो. तिला पाणी पाजायचं, भरवायचं एवढं मी करायचो. पांघरुणाखालचं सगळं शालन करायची.

मृग कोरडाच चालला होता. ऊन चैत्रासारखं तापत होतं. त्या दिवशी शालन दळणाला गेली होती आणि गिरणीत गर्दी होती. सोजरची खाट मी लिंबाच्या सावलीत काढली होती. पोस्टमन आला, एक भुरं पाकीट माझ्या हातात देऊन सायकलवर टांग टाकून गेला. मी ते उलटंपालटं करून पाहिलं. जाड होतं. कोपऱ्यात जांभळा शिक्का होता.

“आलो,” असं सोजरला म्हणून मी एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन आलो. तंबाखू संपली होती. परत आलो तेव्हाही शालन आलेली नव्हती. मी पिंपाजवळ बसलो. पाकीट फाडलं, बारीक बारीक केलं आणि पिंपात टाकून काठीनं ढवळलं.

सोजर खाटेवरून बघत होती. तिच्या घशातून आवाज निघाला, “आं... आं...” तिनं डावा हात उचलून पिंपाकडं केला. मी काठी फिरवत राहिलो.

तेवढ्यात शालन डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आली. “आई का वरडतीय?”

“पाणी पाहिजे असंल,” मी म्हणालो.

शालननं पाणी आणलं. सोजरनं दात आवळून धरले. पाणी गालावरून उशीवर गेलं. पुन्हा तो हात पिंपाकडं.

“पिंपातलं पाणी काय मागतीस आई? येडी का तू?” शालन हसत म्हणाली आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

त्या दिवसापासून सोजरनं माझ्या हातून खायचं सोडलं. मी घास नेला की मान भिंतीकडं. शालनच्या हातून खायची. शालनला वाटलं आजार वाढला. “आबा, मनावर घेऊ नका,” ती म्हणायची. “डोक्यात रक्त साकळलं की माणसाला आपलीच माणसं वळखू येत न्हाईत. नर्सबाई म्हणाल्या.”

पोरगी रोज पोस्टमनची वाट बघायची. आधी दारात उभी राहून, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. ती परत यायची, लगदा कुटायला बसायची. मुसळ जोरात पडायचं. तिसऱ्या दिवशी ते पिंप कुटायला निघालं. तिनं कुटलं, मी थापलं. एकोणीस विटा झाल्या.

महिना गेला. मग एके सकाळी ती म्हणाली, “आबा, मी सोलापूरला जाऊन येते. समक्ष इचारते.” मी नको म्हणालो नाही. काय म्हणून नको म्हणणार?

दिवस कलताना ती परतली. चप्पल काढली नाही, पाणी प्याली नाही. पिंपाजवळ येऊन उभी राहिली.

“आबा, ते म्हणतात पत्र पाठवलं होतं. माझं नाव यादीत होतं. हजर राहिले न्हाई म्हणून दुसरीला घेतलं.”

मी साचा पुसत राहिलो.

“पोस्टमनला आत्ता वाटेत गाठलं. तो म्हणतो, मृगात एक पाकीट तुमच्या हातात दिलं होतं. भुरं. खरंय का?”

“दिलं असंल.”

“मग कुठाय ते?”

मी पिंपाकडं बघितलं. तिला कळलं.

“कुठल्या रांगेत?” ती म्हणाली.

मी बोट दाखवलं. भिंतीलगत तिसरी रांग. एकोणीसमधल्या काही जळून गेल्या होत्या, अकरा उरल्या होत्या. तिनं पहिली वीट उचलली आणि पायरीवर आपटली. कागदाची वीट मातीच्या विटेसारखी फुटत नाही, तिच्या खपल्या निघतात. ती बोटांनी खपल्या सोलायची, बघायची, टाकायची. दुसरी. तिसरी. नखं मोडली. सोजर खाटेवरून बघत होती, एक आवाज काढत नव्हती.

सातव्या विटेत सापडलं. बोटाच्या पेराएवढा भुरा तुकडा, त्यावर जांभळी शाई. त्याच्या शेजारी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा, त्यावर टंकलेलं काहीतरी. तिनं तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

“एवढं बारीक का फाडलं, आबा? तुम्ही कधी फाडत न्हाई.”

“जाड होतं. भिजना.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती मटकन खाली बसली आणि रडायच्या ऐवजी हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

“तुम्हाला तरी काय कळणार,” ती म्हणाली. “रंगनाथकाकांच्या पत्रिका काय आणि हे काय. चूक माझीच हाय. मीच घरात थांबायला पाहिजे होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यासमोर पाटी ठेवली. तिचीच, लहानपणची, एका कोपऱ्याला फुटलेली.

“बसा.”

“काय हे?”

“माझं झालं ते झालं. परत कुणाचं व्हायला नको. आजपासून रोज दोन अक्षरं.”

मी पंचावन्न वर्षांचा होतो. वीट थापणारे हात, त्यांत लेखणी मोडायची. ती माझं मनगट धरून गिरवून घ्यायची. पहिलं अक्षर तिनं माझ्या नावाचं शिकवलं, दुसरं आईच्या. माझं चुकलं की म्हणायची, “आबा, आडवी रेघ वरून. छपरासारखी. छप्पर असल्याशिवाय घर व्हत न्हाई.” मी मान खाली घालून गिरवायचो. ती समजायची, मला लाज वाटते. लाज होतीच. पण ती समजत होती ती नव्हे.

सोजर दिवाळीच्या आधी बारा दिवस गेली. मावशी यायच्या आतच. शेवटपर्यंत तिनं माझ्या हातचा घास घेतला नाही. तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी आमच्याच विटांवर तापलं. त्या तिसऱ्या रांगेतल्या चार विटा उरल्या होत्या. मी दुसऱ्या घेत होतो, शालन म्हणाली, “याच घ्या, वाळलेल्या हायत,” आणि तिनंच त्या बंबात घातल्या.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला. जागा कमी होत्या, नाव लागलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लग्न झालं. नवरा बरा होता, पण सासरी नोकरीचं नाव काढू देत नव्हते. पुष्कळ वर्षांनी गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. महिन्यातून एकदा नर्सबाई लस टोचायला यायच्या तेव्हा बर्फाचा डबा ती धरायची. तिच्या नवऱ्यानं मला एकदा सांगितलं, “मामा, त्या दिवशी ही पहाटेच उठून आंघोळ करते. पांढरी साडी नेसते.” त्याला त्यात गंमत वाटत होती.

मी वाचायला शिकलो. आधी दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्र, मग पोथी. गल्लीतली माणसं मला सरकारी कागद वाचायला बोलावू लागली. शालन माहेरी आली की अभिमानानं सांगायची, “आमच्या आबांनी माझी नोकरी भिजवली, पण त्यापायी शाळा शिकले!” सगळे हसायचे. मीही हसायचो.

आता जे राहिलं ते लिहितो.

त्या दिवशी मी स्टँडवर तंबाखूसाठी गेलो नव्हतो. तंबाखू कनवटीला होती. नियम होता शालनला दाखवायचं, पण तिच्याआधी मला कळावं म्हणून मी ते पाकीट दुसऱ्या कुणाला दाखवायला नेलं. गल्लीतला माणूस नको होता. स्टँडवर परांड्याच्या गाडीची वाट बघत एक गृहस्थ बसले होते, धोतर, छत्री, कुठल्यातरी गावचे मास्तर असावेत. मी पाकीट त्यांच्यापुढं धरलं. म्हणालो, “साहेब, एवढं वाचून सांगता का?”

त्यांनी पाकीट नीट कडेनं उघडलं. मनात वाचलं, मग माझ्याकडं बघून हसले. “शालन लिंबाजी म्हणजे आपली कोण?”

“लेक.”

“पेढे वाटा. नर्सिंगला निवड झालीय. येत्या सोमवारी अकरा वाजता सोलापूरला हजर व्हायचंय, शाळेचा दाखला घेऊन. सोमवार चुकवू नका हं, चुकला तर जागा जाईल असं स्पष्ट लिहिलंय.” त्यांनी पत्राची घडी घालून परत पाकिटात सरकवली. “नशीबवान आहात. सांभाळून न्या.”

मी सांभाळूनच नेलं. सदऱ्याच्या आत, छातीशी धरून. वाटेत दोनदा थांबलो. एकदा तर गिरणीच्या दारापर्यंत गेलो. आत शालन डब्यावर हात ठेवून रांगेत उभी होती, शेजारणीशी बोलत, केसांवर पीठ उडालेलं. मला ती दिसली, तिला मी दिसलो नाही. आणि तिला बघून माझ्या मनात आलं ते एवढंच, की सोमवारपासून सोजरच्या अंगाला हात मला लावावा लागेल.

घरी आलो. सोजरनं माझ्या सदऱ्यातून पाकीट निघताना पाहिलं. पोस्टमन काय घेऊन आला असेल हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ती वाटच बघत होती.

म्हणजे अडाणी होतो म्हणून झालं नाही. सोमवार, अकरा वाजता, शाळेचा दाखला, सगळं मला पाठ होतं. अजून आहे. सोमवारी अकरा वाजता मी पिंपातला लगदा साच्यात भरत होतो आणि शालन आईची पाठ धूत होती.

सोजर त्यानंतर साडेतीन महिनेच राहिली. तेवढ्यासाठी.

शालन आता विधवा आहे, तीन वर्षांपासून माझ्याकडंच असते. मी नव्वदीच्या पुढं गेलो. कंबर पार वाकली. ती माझं सगळं करते, तेच हलके हात. गॅस आला तरी बंब आम्ही मोडला नाही, विटाही अजून थापतो, हौस म्हणून. गेल्या महिन्यात तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा आहे, वाचायला बंदी आहे. त्यामुळं नियम उलटा झालाय. पिंपात टाकायचा कागद ती आधी मला दाखवते. मी वाचून सांगतो, टाक किंवा ठेव.

हे सगळं मी याआधी दोनदा लिहिलं होतं. दोन्ही वह्या ती झोपलेली असताना मीच पिंपात घातल्या. वहीचा कागद चिवट असतो, विटा चांगल्या झाल्या.

काल दुपारी ती रद्दी घेऊन बसली होती. माझ्या उशाखालची ही वही तिच्या हाताला लागली. तिनं बोटांनी पान चाचपलं, मी चाचपायचो तसं.

“आबा, ही लिहिलेली दिसतीय. कामाची हाय का टाकू?”

“राहू दे,” मी म्हणालो. “अजून संपली न्हाई.”

“संपली की सांगा. पिंप निम्मं मोकळं हाय.”

आत्ता संपली. ती बाहेर लिंबाखाली बसलीय, चष्मा लावून, मुसळ जवळ घेऊन. तिला हाक मारतो. म्हणतो, शाले, हात धू आणि इथं येऊन बस. एक कागद वाचून दाखवायचा राहिलाय.